विकलेला माल परत घेतला जाईल

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत इतिहास म्हटलं की भूमिपूजन कधी झालं, पहिल्या कार्यकारिणीत कोण होतं, बोअरवेलला पाणी कितव्या फुटावर लागलं, हे सगळं येतं. ते या अंकात इतरांनी लिहिलं आहेच. संपादक मंडळाने माझ्याकडे दिलेला विषय जरा वेगळा आहे. तो म्हणजे आपलं पार्किंग, आणि खरं सांगायचं तर पार्किंगमधल्या ई-स्कूटरी आणि त्यांच्या बॅटऱ्या.

कारण आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मागच्या दोन्ही वार्षिक सर्वसाधारण सभांमध्ये हा विषय निघाला आणि दोन्ही वेळा चहा गार होईपर्यंत चालला. एका बाजूचं म्हणणं असं की पेट्रोल परवडत नाही, चार्जिंग पॉइंट द्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की पार्किंगच्या डोक्यावर आमच्या बेडरूम आहेत, ही वाहनं आवारातच नकोत. दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून मोबाइलवर आलेले व्हिडिओ दाखवले गेले. पण मुळात ह्या आगी का लागतात, लागल्या तेव्हा कंपन्यांनी आणि सरकारने काय केलं, आणि गाडी घेणाऱ्याला कायद्याने काय मिळतं, हे शांतपणे कोणी मांडलं नाही. तो इतिहास फार जुना नाही. बराचसा आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांतच घडला आहे.

दुकानातली पाटी

आपल्या पिढीने एक पाटी लहानपणापासून वाचली आहे: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ कापड दुकानात, भांड्यांच्या दुकानात, इलेक्ट्रिकच्या दुकानात, कॅश काउंटरच्या वर ती असायचीच. त्या पाटीमागे एक जुना कायदेशीर विचार होता. १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचा सर्वसाधारण रोख असा होता की घेणाऱ्याने बघून घ्यावं. त्याला अपवाद होते, पण अपवाद सिद्ध करायला दिवाणी न्यायालयात जायचं, वकील करायचा आणि वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या. मिक्सर किंवा इस्त्रीसाठी एवढं कोण करणार?

हे बदलायला हवं असं म्हणणाऱ्यांमध्ये आपलं पुणे आघाडीवर होतं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्यात शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट महिन्याचं वाणसामान एकत्र घ्यायचे. वजन, दर, भेसळ यांबद्दल एकट्यादुकट्याने भांडण्याऐवजी एकत्र प्रश्न विचारायची सवय त्यातून लागली. अशा चळवळींच्या रेट्यानंतर २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. आजही २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक मंच आले आणि वकिलाशिवाय साध्या अर्जावर तक्रार करता येऊ लागली.

तरी त्या कायद्यात एक उणीव राहिली. तक्रार करणाऱ्या एका माणसाला त्याची भरपाई मिळू शकत होती. पण तीच सदोष वस्तू ज्या हजार घरांत आहे, त्या सगळ्या घरांतून ती परत बोलावण्याची जबाबदारी कुणावर होती? याला इंग्रजीत ‘रिकॉल’ म्हणतात. अमेरिकेत मोटारींसाठी रिकॉलचा कायदा १९६६ मध्ये आला, आणि दुरुस्ती फुकट करून देण्याची सक्ती १९७४ मध्ये. आपल्याकडे वाहनउद्योगाच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वतःसाठी एक ऐच्छिक संहिता केली. ऐच्छिक म्हणजे कंपनीची इच्छा असेल तर.

त्या काळातलं एक उदाहरण आपल्या राज्यातलं आहे. मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंडला शोरूममधून घरी निघालेल्या कोऱ्या नॅनो गाडीने पेट घेतला. माणसं सुखरूप उतरली. अशा काही घटनांनंतर नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने गाड्यांना जादा संरक्षक सुटे भाग फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली, पण हे ‘रिकॉल’ नाही असंच सांगितलं. तेव्हा त्या शब्दाचंच कंपन्यांना भय वाटत होतं. माल परत बोलावणं म्हणजे नाचक्की, असा समज होता.

बॅटरीची गोष्ट

आता बॅटरीकडे येऊ. आपल्या स्कूटरीत असते ती लिथियम-आयन बॅटरी. तिच्यावर १९७० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी सुरुवातीचं काम केलं. १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ यांनी आणि १९८५ मध्ये जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी ते पुढे नेलं. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मजा अशी की माल परत बोलावण्याची गोष्ट या बॅटरीच्याही आधी सुरू होते. कॅनडातल्या मोली एनर्जी या कंपनीच्या लिथियम धातूच्या बॅटऱ्या जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये वापरल्या जात होत्या. १९८९ मध्ये त्यांनी पेट घेतल्याने त्या परत घ्याव्या लागल्या. त्यानंतर शुद्ध लिथियम धातू बाजूला ठेवून लिथियम-आयनचा अधिक सुरक्षित मार्ग जगाने धरला.

अधिक सुरक्षित म्हणजे बिनधोक नव्हे. प्रत्येक सेलमध्ये दोन पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षाही पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. सभोवती पेट घेणारा द्रव असतो. कारखान्यात धातूचा बारीक कण आत राहिला, बॅटरी आपटली, पाणी शिरलं, किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाली, तर तो पडदा फाटू शकतो. दोन पट्ट्या एकमेकींना भिडल्या की शॉर्ट सर्किट होतं, सेल तापतो, द्रवाची वाफ होऊन बाहेर फुटते आणि पेटते. ती उष्णता शेजारच्या सेलला लागते, तिथून पुढच्याला. फटाक्यांची माळ जशी एका टोकाला पेटवली की थांबवता येत नाही, तसंच. म्हणून स्कूटरच्या बॅटरीत ‘बीएमएस’ नावाचं एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. ते प्रत्येक सेलवर नजर ठेवतं आणि काही बिघडलं की प्रवाह तोडतं. ते स्वस्तातलं असेल किंवा सेल एकमेकांना चिकटवून बसवले असतील, तर राखणदारच झोपला असं समजायचं.

ही माळ पेटते हे जगाला टप्प्याटप्प्याने कळलं. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीच्या बनावटीच्या लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत बोलावल्या. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या प्रकारच्या, मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली. ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या वेळी घरोघरी फोनचं मागचं झाकण काढून बॅटरीवरचा नंबर वाचणं चाललं होतं. आपल्या हातातली वस्तू कंपनी बदलून देते, आणि त्यासाठी दुकानदाराच्या पाया पडावं लागत नाही, हे सर्वसामान्य भारतीय माणसाने बहुधा तेव्हाच पहिल्यांदा अनुभवलं. २०१६ मध्ये सॅमसंगने नोट ७ हा फोन परत बोलावला. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा त्याचं उत्पादनच बंद केलं. त्याच वर्षी अमेरिकेत पाच लाखांवर होव्हरबोर्ड परत बोलावले गेले.

आणि या बॅटऱ्या मोठ्या होऊन चाकांवर बसल्या, तेव्हा धोकाही घराच्या दाराशी आला. फोनची बॅटरी खिशात मावते. स्कूटरची बॅटरी म्हणजे तसल्या शेकडो सेलची पेटी, आणि ती आपण जिन्याखाली लावतो.

२०२२ चा उन्हाळा

आपल्याकडे ही गोष्ट उघड्यावर आली मार्च २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात. पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली ओला कंपनीची स्कूटर पेटली. तिचा व्हिडिओ देशभर फिरला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्याच सुमारास तमिळनाडूत वेल्लोरला घरी चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या आगीच्या धुरात गुदमरून वडील आणि त्यांची तेरा वर्षांची मुलगी गेली. ९ एप्रिलला नाशिकमध्ये कंटेनरमधून चाललेल्या ४० नव्या ई-स्कूटरींपैकी २० जळाल्या. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तेलंगणात निजामाबादला स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावली होती, तिचा स्फोट होऊन घरातले ८० वर्षांचे आजोबा दगावले.

तोपर्यंत कायदा बदलला होता. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम ११०-अ आणलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. गाडीतला दोष चालकाला, प्रवाशाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना घातक असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देऊ शकतं. तसा हुकूम निघाला तर कंपनीने पूर्ण किंमत परत करायची, किंवा तशीच वा अधिक चांगली गाडी द्यायची, किंवा दुरुस्त करून द्यायची, आणि शिवाय दंड भरायचा. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांच्या तक्रारी सरकारी पोर्टलवर नोंदवता येतात आणि त्या ठरावीक प्रमाणात जमल्या की चौकशी होते.

पण त्याच कलमात पुढे असंही आहे की कंपनीने दोष स्वतःहून कळवून गाड्या बोलावल्या तर दंड नाही. हेतू चांगला आहे. दोष लपवण्यापेक्षा सांगितलेला बरा. आता एप्रिल २०२२ मध्ये काय झालं ते बघा. १६ एप्रिलला ओकिनावाने ३,२१५ स्कूटरी परत बोलावल्या. २१ एप्रिलला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी तज्ज्ञ समिती नेमल्याचं जाहीर केलं. निष्काळजीपणा आढळला तर जबर दंड होईल, आणि कंपन्यांनी आधीच सदोष गाड्या परत बोलवाव्यात, असं त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी प्युअर ईव्हीने २,००० गाड्यांचं रिकॉल जाहीर केलं. २४ एप्रिलला ओलाने १,४४१ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. बेरीज केली तर ६,६५६.

हे तिन्ही रिकॉल कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले होते. बॅटरीची तपासणी, सैल जोडण्या घट्ट करणं, गरज पडली तर दुरुस्ती, असं त्यांचं स्वरूप होतं. पैसे परत देण्याची गोष्ट त्यात नव्हती. याचा अर्थ कंपन्यांनी काहीच केलं नाही असा नाही. नॅनोच्या वेळी ज्या शब्दाला सगळे बिचकत होते, तो शब्द आता तीन कंपन्यांनी आठ-नऊ दिवसांत वापरला, ही प्रगतीच आहे. पण ‘रिकॉल झालं’ ही बातमी वाचून ग्राहकाने निश्चिंत व्हावं, एवढी ती मोठी नव्हती. ज्याची गाडी त्या यादीत नाही, किंवा जो तपासणीवर समाधानी नाही, त्याचं काय? त्याला दुसऱ्या कायद्याकडे वळावं लागतं. त्याकडे येतोच.

त्याच वर्षी १२ सप्टेंबरला सिकंदराबादमध्ये जे झालं ते आपल्यासारख्या सोसायटीने विशेष ध्यानात ठेवायला हवं. एका इमारतीत खाली ई-स्कूटरचं शोरूम आणि वर हॉटेल होतं. रात्री खाली आग लागली. धूर जिन्यातून वर चढला आणि आठ माणसं गेली. इमारतीच्या तळाशी आग लागली की जिना हाच धुराडं होतो. आपलंही पार्किंग खाली आहे आणि जिना मधून जातो.

तपासात सेलचा दर्जा आणि बॅटरीची रचना, दोन्हींत दोष आढळल्याच्या बातम्या आल्या. मग सरकारने बॅटरीची मानकं कडक केली. ‘एआयएस-१५६’ हे मानक सुधारून त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. एक सेल पेटला तरी माळ पेटू नये याची चाचणी, पाण्यापासून संरक्षण, बीएमएसच्या कडक अटी, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, अशा गोष्टी त्यात आल्या. एआयएस मानकांच्या कामात आपल्या कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेचा मोठा वाटा आहे. टेकडीवर फिरायला जाताना जिच्या भिंतीलगत आपण चालतो, तीच ही संस्था. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेली नोंदणीकृत स्कूटर ही त्याआधीच्या स्कूटरपेक्षा वेगळ्या परीक्षेतून गेलेली असते. सभेत दोन्हींना एकच मोजमाप लावलं जातं, ते बरोबर नाही.

नियमाच्या जाळ्यातून सुटलेले

मात्र एक मोठा वर्ग या मानकांच्या आणि कलम ११०-अ च्या बाहेर राहतो. ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि २५० वॉटपर्यंतच्या हलक्या ई-बाइक कायद्याने ‘मोटार वाहन’ धरल्या जात नाहीत. त्यांना नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही. कॉलेजची मुलं आणि घरपोच डिलिव्हरी करणारी पोरं याच वापरतात. नंबरप्लेट नाही म्हणून हौसेने घेतात, पण मोटार वाहन कायद्यातलं रिकॉलचं संरक्षणही नाही, हे कुणी सांगत नाही. त्यातही कुणी वेग वाढवून घेतो, कुणी जुनी बॅटरी गेल्यावर गल्लीतल्या दुकानातून जुळवलेली बॅटरी बसवतो.

न्यूयॉर्क शहराने हा धडा फार महागात घेतला. तिथेही डिलिव्हरीवाले स्वस्तातल्या ई-बाइक उंच इमारतींतल्या छोट्या घरांत चार्ज करत. एकट्या २०२३ सालात तिथे लिथियम-आयन बॅटरीमुळे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं गेली. त्या वर्षी सप्टेंबरपासून शहराने प्रमाणपत्र नसलेल्या ई-बाइक आणि बॅटऱ्या विकण्यावर बंदी आणली. जुन्या बॅटरीतले सेल काढून नवी बॅटरी जुळवून विकण्यावरही बंदी घातली. शहराने गाडीवर बंदी आणली नाही, बिनप्रमाणपत्राच्या बॅटरीवर आणली. हा फरक आपल्या सभेलाही उपयोगी आहे.

ग्राहकाच्या हातात काय आहे

आता तो दुसरा कायदा. १९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली आणि तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात बॅटरीच्या दृष्टीने तीन गोष्टी नव्या आहेत.

पहिली, आपल्या पाटीबद्दलची. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही आता अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे ती पाटी अजून कुठे लटकत असेल तर सदोष मालापुरती तिला किंमत नाही.

दुसरी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. धोकादायक किंवा असुरक्षित वस्तू परत बोलावण्याचा आणि खरेदीदारांना किंमत परत द्यायला लावण्याचा अधिकार कलम २० ने या प्राधिकरणाला दिला. इथे वस्तू कोणतीही असू शकते. त्यामुळे नंबरप्लेट नसलेली ई-बाइक, सुटी बॅटरी, चार्जर, सगळं यात बसतं. २०२२ मध्ये प्राधिकरणाने स्वतःहून काही ई-स्कूटर कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. तक्रार नोंदवायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

तिसरी, उत्पादनाबद्दलचं दायित्व, कायद्याचं सहावं प्रकरण. बॅटरीतल्या दोषामुळे माणसाला इजा झाली, घर जळलं, सामान गेलं, तर त्याची भरपाई उत्पादकाकडून, आणि काही परिस्थितीत विक्रेत्याकडूनही मागता येते. खुद्द जळालेल्या स्कूटरची किंमत ‘सदोष माल’ या नात्याने मागायची आणि घराचं, शरीराचं नुकसान या प्रकरणाखाली. दोन्ही मागण्या अर्जात वेगळ्या मांडाव्यात.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायची. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या स्कूटरी त्यातच येतात. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ही २०१९ च्या कायद्याची मोठी देणगी आहे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी आता ई-जागृती पोर्टल आहे. एकाच दोषाने अनेक ग्राहक त्रासले असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांची मिळून एक तक्रार चालते. डिलिव्हरी करून पोट भरणारा मुलगासुद्धा ग्राहकच आहे, कारण स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायदा ‘व्यापारी हेतू’त धरत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. दोन वर्षं ‘बघू, कंपनी काय म्हणते’ यात सहज निघून जातात.

इतकं सगळं कायद्यात आहे, पण ते आपोआप मिळत नाही. आयोगासमोर बहुतेक वेळा कंपनीचं उत्तर ठरलेलं असतं: ग्राहकाने चुकीचा चार्जर वापरला, बॅटरी बदलली, गाडीत फेरफार केला. वस्तूचा गैरवापर किंवा फेरफार झाला असेल तर कायद्याने जबाबदारी सुटू शकते, म्हणून हा बचाव पोकळ नाही. त्याला उत्तर फक्त कागद देतात. बिल, वॉरंटी कार्ड, बॅटरीवरचा आणि चार्जरवरचा सीरियल नंबर, सर्व्हिसची जॉबकार्डं, ‘बॅटरी तापते’ असं कंपनीला कळवल्याची ईमेल. फोनवर केलेली तक्रार नंतर कुणाला आठवत नाही. आणि आग लागलीच, तर अग्निशमन दलाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, फोटो. जळालेली बॅटरी कंपनीचा माणूस आला म्हणून लगेच त्याच्या हवाली करू नका. दोष होता की नाही हे ठरवायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. वस्तूच नसेल तर पाठवणार काय? द्यावीच लागली तर नंबरासह लेखी पोच घ्या. तो कोळसा मात्र घरात नको, उघड्यावर ठेवा, कारण विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते.

विम्याचंही तसंच. सर्वसमावेशक वाहन विम्यात आग आणि आपोआप पेट घेणं धरलेलं असतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. नंबरप्लेट नसलेल्या ई-बाइकला बहुतेक जण विमाच काढत नाहीत.

आणि शेजारी

या सगळ्या इतिहासात एक माणूस कुठेच नाही. तो म्हणजे वरच्या मजल्यावरचा शेजारी. ग्राहक कायदा संरक्षण देतो ते वस्तू घेणाऱ्याला आणि त्याच्या संमतीने ती वापरणाऱ्याला, म्हणजे फार तर त्याच्या घरच्यांना. खालच्या स्कूटरच्या धुराने दुसऱ्या मजल्यावरच्या आजी अत्यवस्थ झाल्या, तर त्या त्या स्कूटरच्या ग्राहक नाहीत. त्यांचा मार्ग जुना, दिवाणी न्यायालयाचा. आग मजले ओलांडते, कायदा अजून ओलांडत नाही. म्हणून वरच्या मजल्यावरच्या सभासदांची काळजी ही ‘उगाचची भीती’ नव्हे. आणि म्हणूनच, जे कायदा करू शकत नाही ते सोसायटीला करावं लागतं.

इतिहासातून माझ्या समजुतीप्रमाणे एवढं निघतं. सरसकट बंदी घातली तर लोक बॅटरी पिशवीत घालून घरात नेतील आणि रात्री दाराआड चार्ज करतील. निजामाबादला बॅटरी घरातच होती. म्हणून चार्जिंगची जागा द्यावी, पण जिन्याखाली किंवा मीटर बोर्डजवळ नव्हे, तर कंपाउंडच्या भिंतीकडेला उघड्यावर, वर पत्र्याची शेड घालून. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, स्वतंत्र मीटर आणि ट्रिप होणारा स्विच बसवून. एक्स्टेन्शन बोर्ड बंद. प्रत्येक ई-वाहनाची नोंद ऑफिसच्या रजिस्टरमध्ये असावी: मेक, मॉडेल, तयार झाल्याचं वर्ष, बॅटरीचा नंबर, विमा. जुळवलेल्या बॅटरीला आवारात मनाई. फायर सिस्टिमचं प्रमाणपत्र आपण दर जानेवारी आणि जुलैत घेतोच, तेव्हाच हे रजिस्टरही तपासावं. आणि आग लागलीच तर छोट्या सिलिंडरशी झटत बसू नये. मेन स्विच बंद करावा, माणसं बाहेर काढावीत, जिन्यात धूर असेल तर खाली न उतरता दारं बंद करून खिडकीपाशी थांबावं, आणि १०१ ला फोन करावा.

त्या रजिस्टरचा आणखी एक उपयोग आहे. २००७ मध्ये ज्याने बॅटरीवरचा नंबर वाचला त्याला ती बदलून मिळाली. उद्या एखाद्या कंपनीने किंवा सरकारने अमुक तारखेच्या गाड्या परत बोलावल्या, तर आपल्या सेक्रेटरींना पाच मिनिटांत सांगता येईल की बी विंगमध्ये तशा दोन आहेत. बहुतेक ग्राहकांना रिकॉलची बातमी कळतच नाही, किंवा कळली तरी ‘आपली नसेल’ म्हणून सोडून दिली जाते. वाणसामान एकत्र घेणाऱ्या त्या कुटुंबांनी पन्नास वर्षांपूर्वी जे केलं, तेच आपण एका वहीने करू शकतो.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय सातव्या क्रमांकावर आहे. सहाव्या विषयानंतर निम्मे लोक उठून जातात, हाही आपल्या पंचवीस वर्षांचा इतिहासच आहे. या वेळी कृपया थांबा. ज्यांच्याकडे ई-स्कूटर आहे त्यांनी येताना बिलाची आणि बॅटरीच्या नंबरची झेरॉक्स आणावी, म्हणजे रजिस्टरचं पहिलं पान त्याच दिवशी भरता येईल.